तेरमध्ये रोमन व्यापाराच्या खुणा पायी बघता येतेत का?

लातूरकर: रविवारी तेरला जायलोय, गोरोबाकाकांचं दर्शन तर घेणारच पण जुनं तगर म्हणजे हेच अन् इथून रोमशी व्यापार चालायचा म्हणतेत, तर काय काय बघावं?

तेरणाकाठचा: आधी लामतुरे म्युझियम. तेरला हस्तिदंताची बाई सापडली, बरीचशी तसलीच इटलीत पॉम्पेईला निघाली अन् ते शहर इ.स. ७९ मध्ये राखेखाली गेलं, म्हणजे त्याआधीच आपल्याकडचा माल तिकडं पोचलेला की वो! मग विटांचं त्रिविक्रम मंदिर, मागून गोल हाय बघा.

पैठणवाला: पेरिप्लस म्हणजे त्या काळच्या ग्रीक व्यापारी-प्रवासाच्या पुस्तकात पैठणहून तगर १० दिवस लिहिलंय. मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जायची, बिनरस्त्याच्या मुलखातून. रस्ते तवाबी असलेच!

लातूरकर: 😂 टोपी घेऊन निघतो.