एमआरआयमध्ये ‘एल४-एल५ बल्ज’ आला आहे: रोजच्या कोणत्या सवयी बदलायच्या, नागपुरात कुठे दाखवायचं?

मानेवाडा_ते_मिहान
नमस्कार मंडळी. वय ३४, दिवसभर लॅपटॉपवर काम, रोज स्कूटरनं जाणं-येणं. पाच आठवडे झाले, कंबर दुखून राहिली आहे. डाव्या पोटरीच्या बाहेरच्या बाजूनं पायाच्या अंगठ्यापर्यंत मुंग्या येतात. रिपोर्टमध्ये लिहिलं आहे: ‘एल४-एल५ डिफ्यूज डिस्क बल्ज, थीकल सॅकवर दाब, स्पॉन्डिलोसिसचे सुरुवातीचे बदल.’ घरी सगळे म्हणतात मणक्यात गॅप आला, पट्टा बांध, जमिनीवर झोप. ह्यात ऑपरेशन लागतं का? आणि घरी, ऑफिसात, गाडीवर नेमकं काय बदलू?

रिपोर्ट_वाचणारा
आधी ‘गॅप’ ह्या शब्दाचं. घडतं त्याच्या उलट. दोन मणक्यांमध्ये चकती असते (एल४-एल५ म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली), बाहेरून चिवट कडं आणि आत पाणीदार गर. वयानुसार गरातलं पाणी कमी होतं, चकती चपटी होते आणि दोन मणक्यांमधली जागा *कमी* होते. सायकलच्या ट्यूबमधली हवा थोडी कमी झाली की ती बाजूंनी फुगते, तसं चकतीचं कडं सगळीकडून जरासं बाहेर येतं. तोच ‘डिफ्यूज बल्ज’. ‘थीकल सॅक’ म्हणजे नसांभोवतीची पिशवी. कडं एका जागी फाटून गर बाहेर आला तर ‘एक्स्ट्रुजन’, आणि त्याचा तुकडा सुटला तर ‘सिक्वेस्ट्रेशन’. ऐकायला हे शेवटचे दोन भयंकर वाटतात. पण सुटलेला मोठा तुकडा शरीर बहुतेक वेळा जास्त लवकर शोषून घेतं. म्हणून नुसत्या आकारावरून ऑपरेशन ठरत नाही.

दुसरं म्हणजे बल्ज दिसणं आणि बल्जमुळे दुखणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१५ साली एका मोठ्या आढाव्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन एकत्र पाहिले होते. विशीतल्या ३० टक्के, पन्नाशीतल्या ६० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांमध्ये बल्ज होता. ‘स्पॉन्डिलोसिसचे बदल’ म्हणजे मणक्यांची वयानुसार होणारी झीज, केस पांढरे होण्यासारखंच समजा.

म्हणून रिपोर्ट पायाशी जुळवून पाहायचा. एल४-एल५ ची चकती बहुधा एल५ ची नस दाबते. ती नस पोटरीच्या बाहेरून, पावलाच्या वरून अंगठ्याकडे जाते. तुमच्या मुंग्या नेमक्या तिथेच आहेत, म्हणजे रिपोर्ट जुळतो. त्याच रिपोर्टवर मुंग्या करंगळी आणि तळव्याच्या बाहेरच्या कडेला असत्या, तर ती त्याखालची एस१ नस झाली असती आणि दुखण्याचं मूळ दुसरीकडे शोधावं लागलं असतं.

आता दुखण्यापेक्षा ताकद तपासा. रोज एकदा, दोन्ही पायांनी:

टाचांवर १० पावलं चाला. डाव्या पायाचा पंजा खाली पडतो का? पायाचा अंगठा वर उचला, दुसऱ्याला बोटानं खाली दाबायला सांगा. डावा लगेच हरतो का? मग भिंतीला हात टेकून एका पायाच्या चवड्यावर १० वेळा उंच व्हा. ही एस१ ची परीक्षा.

दुखणं कमी आणि ताकदही कमी होत असेल तर ते बरं होणं नव्हे, नस बंद पडत असल्याची खूण असू शकते. लोक इथेच फसतात. ‘आता दुखत नाही, फक्त चप्पल निसटते’ म्हणून महिना घालवतात. चप्पल निसटत असेल तर त्याच आठवड्यात दाखवा. आणि मांड्यांच्या आतला, शौचाच्या जागेभोवतीचा भाग बधिर होणं, लघवी अडणं किंवा कळत नसणं, दोन्ही पाय लुळे पडणं, ह्यांपैकी काहीही झालं तर त्याच रात्री मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत जायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

ताकद शाबूत असेल तर अशा सायटिकातले, म्हणजे नस दबून पायात जाणाऱ्या दुखण्यातले, बहुसंख्य लोक ६ ते १२ आठवड्यांत ऑपरेशनशिवाय बरे होतात. तुमचे पाचच झाले आहेत.

फिजिओताई_धरमपेठ
वरचं सगळं बरोबर. मी सवयींचं सांगते, आणि उन्हाळा आहे म्हणून कूलरपासून सुरू करते.

रात्रभर आडवं पडल्यावर चकती पाणी शोषून फुगते. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सुमारे १ टक्का उंच असतो ते त्यामुळेच. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त बसतो. आणि आपल्याकडे उठल्या उठल्या पहिलं काम काय? २० लिटरची बादली भरून कूलरच्या टाकीत ओतणं. पाणीच २० किलो, ते छातीपुढे लांब धरायचं, वरून कंबर वळवून ओतायचं. वाकणं, वजन आणि पिळा, तिन्ही एकत्र, आणि तेही चकतीच्या सगळ्यात वाईट तासात.

उपाय सोपा आहे. नळाला पाइप लावा, कूलरच्या टाकीत फ्लोट व्हॉल्व्ह बसवून घ्या. जमत नसेल तर बादली १० लिटरच भरा, स्टुलावर ठेवा आणि मग्ग्यानं टाका. उठल्यावर पहिला तासभर मोरीत वाकून कपडे, जमिनीवर बसून भाजी, आखूड झाडू, हे काही नको. तोंड धुताना एक हात बेसिनवर टेका.

शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं तर उभं राहून मागे झुका किंवा भिंतीला हात टेका. वाकून शिंकल्यावर पायात कळ गेल्याचं पुष्कळ जण सांगतात, त्यामागे पोटातला वाढलेला दाब असतो.

व्यायाम. आधी पोटावर पालथं झोपा, २ मिनिटं. मग कोपरांवर या, २ मिनिटं. मग तळहात टेकून छाती उचला, कंबर सैल सोडा, १० वेळा. दिवसातून ४-५ वेळा. नियम एकच: मुंग्या पायातून वर कमरेकडे सरकल्या तर चालू ठेवा, कंबर थोडी जास्त दुखली तरी. खाली पावलाकडे पसरल्या तर लगेच थांबा, हा व्यायाम तुमचा नाही.

दोन आठवड्यांनी, पायातलं कमी झाल्यावर, ताकदीचे तीन. हातापायांवर ओणवं होऊन एक हात समोर आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे लांब करणं. कोपर आणि गुडघ्यावर कुशीनं अंग उचलून धरणं. आणि पाठीवर झोपून, एक गुडघा दुमडून, दोन्ही हात कमरेखाली ठेवून फक्त डोकं-खांदे इंचभर उचलणं. प्रत्येक वेळी ८ ते १० सेकंद धरायचं, आधी ६ वेळा, मग ४, मग २. श्वास रोखायचा नाही. पूर्ण उठबैस करून मारायचे सिट-अप्स ह्या दुखण्यात नकोत, त्यांनी चकती पुन्हा पुन्हा पुढे मुडपते.

आणि चाला. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रेलियातली एक चाचणी आली. कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या लोकांना आठवड्यातून ५ दिवस, हळूहळू ३० मिनिटांपर्यंत चालायला लावलं. न चालणाऱ्यांत दुखणं साधारण ११२ दिवसांत परतलं, चालणाऱ्यांत २०८. अंबाझरी, सेमिनरी हिल्स, जे जवळ असेल ते. मे महिन्यात सकाळी ७ च्या आत.

बर्डीवाला
पट्ट्याबद्दल कोणी बोललं नाही. प्रवासात किंवा वजन उचलताना तासभर चालेल. दिवसभर बांधून महिनोन्‌महिने ठेवलात तर पोटाचे आणि पाठीचे स्नायू काम सोडतात. झोपताना तर कधीच नको.

जमिनीवर झोपणंही विसरा. स्पेनमध्ये ३१३ लोकांवर गाद्यांची तुलना झाली होती, निकाल २००३ साली आला: कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं. कापसाची गादी मध्ये खड्डा पडला असेल तर पिंजून घ्या, एवढं पुरतं. कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांमध्ये उशी, पाठीवर असाल तर गुडघ्यांखाली. अंथरुणात पडून राहणं एक-दोन दिवसांच्या वर नको.

दुचाकी_आणि_कंबर
स्कूटरवर पाय पुढे असतात, त्यामुळे धक्का पायात न जिरता सरळ माकडहाडातून वर जातो. स्पीडब्रेकर किंवा सिमेंट रस्त्याचा सांधा दिसला की पाय मागे ओढून गुडघ्यांच्या खाली आणा, वजन पावलांवर घ्या, सीटवरून बोटभर उचला. ही सवय पंधरा दिवसांत लागते.

चाकातली हवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिली आहे तेवढीच. ‘टाइट भर’ म्हटलं की टायर दगडासारखा होतो. मागचा शॉकॲब्सॉर्बर तेल गळत असेल तर बदला. लॅपटॉपची बॅग एका खांद्यावर नको, पायाजवळच्या फळीवर ठेवा. आणि दुखणं जोरात असेपर्यंत मेट्रोनं जा. सीताबर्डीवरून खापरीची गाडी मिळते, उभं राहून गेलात तर अजूनच चांगलं, कारण ह्या दुखण्यात उभं राहणं बसण्यापेक्षा सोपं जातं.

खुर्चीटेबल
ऑफिसचं थोडक्यात. लॅपटॉप तसाच वापरला तर मान किंवा मनगट, दोन्हींपैकी एक बिघडणारच, कारण पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले आहेत. खाली पुस्तकं ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, अंतर हातभर, आणि कीबोर्ड-माउस वेगळे घ्या. खुर्ची इतकीच उंच की पाऊल पूर्ण टेकेल. कमरेच्या खोलगट भागात टॉवेलची ८-१० सेंटीमीटर जाड गुंडाळी.

प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत दूरचा आणि जवळचा नंबर) असणाऱ्यांना पडद्याच्या उंचीचा हा नियम लागू नाही. ते खालच्या काचेतून वाचायला हनुवटी वर करतात आणि संध्याकाळी मान धरते. त्यांनी पडदा ४-५ सेंटीमीटर खाली घ्यावा, किंवा फक्त कॉम्प्युटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करावा.

खुर्ची कितीही महाग असो, दर ३० मिनिटांनी मिनिटभर उठायचं. फोन आला की उभं राहून बोला.

मानेवाडा_ते_मिहान
सगळ्यांचे मनापासून आभार. टाचांवर चालून पाहिलं, दोन्ही पाय सारखे आहेत. दोन गोष्टी अजून. सलूनमध्ये केस कापल्यावर मान कडकडून मोडून देतात, ते चालेल का? आणि बाबा ६६ वर्षांचे आहेत. घरून चौकापर्यंत गेले की दोन्ही पाय जड होतात, बसले की ठीक. हेही चकतीचंच का?

फिजिओताई_धरमपेठ
मान मोडणं आजपासून बंद, कायमचं. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांमधून वर जातात. अचानक पिळल्यावर त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं आणि पक्षाघात होऊ शकतो. क्वचित घडतं, पण आवाजाच्या समाधानासाठी तेवढीही जोखीम घेऊ नये. डोक्याची मालीश करून घ्या, मानेला झटका नको.

रिपोर्ट_वाचणारा
मानेबद्दल एक भर. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, त्याखाली सुट्या नसांचा झुपका असतो. मानेत मात्र खुद्द मज्जारज्जूच दबू शकतो. म्हणून मानेच्या दुखण्यात शर्टाची बटणं लावता न येणं, अक्षर बिघडणं, अंधारात तोल जाणं, ह्याकडे दुखण्यापेक्षा जास्त लक्ष. १० सेकंदांत मूठ उघडझाप मोजा. साधारण २० वेळा व्हायला हवी. बरीच कमी होत असेल तर मालीश, ट्रॅक्शन (वजन लावून मान ताणणं) सगळं थांबवून आधी तज्ज्ञांना दाखवा.

बाबांचं वर्णन चकतीपेक्षा मणक्यातली नसांची नळी अरुंद होण्याचं वाटतं, लंबर कॅनल स्टेनोसिस. पण पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी असंच होतं, विशेषतः विडी-सिगारेट किंवा मधुमेह असेल तर. फरक ओळखायची खूण: नळी अरुंद असेल तर नुसतं उभं राहून आराम पडत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं, आणि सायकल मात्र आरामात चालवता येते. रक्तवाहिन्यांचं असेल तर जागीच उभं राहूनही दोन-तीन मिनिटांत बरं वाटतं. घोट्याजवळची नाडी डॉक्टरांकडून तपासून घ्या. आणि ताई म्हणाल्या ते पालथं झोपून छाती उचलणं बाबांना देऊ नका. मागे झुकल्यावर नळी अजून अरुंद होते. त्यांच्यासाठी गुडघे छातीशी घेणं आणि बसून चालवायची सायकल.

बर्डीवाला
कुठे दाखवायचं ते राहिलं. मेडिकल किंवा मेयो (दुसरं सरकारी मेडिकल कॉलेज) इथल्या अस्थिरोग ओपीडीत केसपेपर काढा, मिहानजवळ एम्स आहेच. ऑपरेशनचा विषय निघाला तर दुसरं मत घ्या.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असेल तर मणक्याचा टीबी आधी तपासायला सांगा. आपल्याकडे तो आजही दिसतो, औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात, पण मणक्याचा कोर्स बहुधा वर्षभर चालतो, मध्ये सोडायचा नाही. आणि चाळिशीच्या आत सकाळी अर्धा तासाहून जास्त आखडणं, हालचालीनं मोकळं होणं, आरामानं वाढणं, हे असेल तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवाताच्या तज्ज्ञांकडे). मणक्याच्या त्या संधिवातात एमआरआय सॅक्रोइलियाक सांध्याचाही (मणका आणि कटीच्या हाडांमधल्या) लागतो, नुसता कमरेचा पुरत नाही.

जाताना रिपोर्टचा कागदच नव्हे, फिल्म आणि सीडीही न्या. एका चिठ्ठीवर लिहा: मुंग्या कोणत्या बोटापर्यंत, किती मिनिटं बसवतं, किती मिनिटं चालवतं, कोणती गोळी किती दिवस घेतली. फिल्म गाडीच्या डिकीत ठेवून उन्हात गाडी लावू नका, उष्णतेनं त्या काळवंडतात.