न्यूनगंड, आत्मशंका आणि ‘जमेना’

विचारणा

बचत गटातील महिलांसाठी मी एक लहान पुस्तिका लिहीत आहे. स्वतःच्या कुवतीविषयी मनात येणाऱ्या शंका आणि त्यांपायी हाती घ्यायचे काम पुढे ढकलत राहणे, हा तिचा विषय आहे. इंग्रजीतील ‘सेल्फ-डाउट’साठी मी आतापर्यंत ‘न्यूनगंड’ वापरत होते. एका जाणकारांनी ‘आत्मसंशय’ सुचवला. योग्य शब्द कोणता? आणि ‘निगेटिव्ह थिंकिंग’साठी ‘नकारात्मक विचार’ याखेरीज मराठीत काही आहे का?

उत्तर

‘न्यूनगंड’ येथे वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड आडलर (1870–1937) यांच्या लेखनाने प्रसिद्ध झालेल्या ‘इन्फिरिऑरिटी कॉम्प्लेक्स’ या संज्ञेसाठी मराठीने हा शब्द घेतला, आणि ज्याने कोणी तो घडवला त्याने नेमका घडवला. ‘गंड’ म्हणजे सूज, गाठ. गलगंड आणि गंडमाळ यांतला गंड तोच. आपण कुठेतरी उणे आहोत ही भावना आडलर सर्व माणसांत स्वाभाविक मानत असत. लहान मूल मोठे होण्यासाठी धडपडते तेही तिच्याच बळावर, असे त्यांचे प्रतिपादन होते. ती भावना साचून माणसाची वाट अडवू लागली म्हणजे मग तो गंड. आपण मात्र चारचौघांत इंग्रजी बोलताना अडखळणाऱ्या मुलालाही ‘न्यूनगंड आहे’ असे म्हणून मोकळे होतो, आणि साध्या बिचकण्याला दुखण्याचे नाव देऊन बसतो. वास्तविक ‘न्यून’ हा शब्द मराठीत इतका जड नव्हता. ‘न्यून ते पुरते, अधिक ते सरते’ करून घ्यावे, अशी विनवणी ज्ञानेश्वर श्रोत्यांना करतात, तेव्हा न्यून ही भरून काढण्याजोगी गोष्ट असते.

‘आत्मसंशय’ मला कानाला खटकतो. मराठीत संशय घेतला जातो तो बहुधा दुसऱ्याच्या हेतूचा. संशयित म्हटले की पोलीसठाणे आठवते. स्वतःवर संशय घेणारी बाई स्वतःच्याच पिशवीची झडती घेत आहे, असे काहीसे चित्र त्या शब्दाने डोळ्यांपुढे येते. ‘शंका’ त्या मानाने सभ्य आहे. शंका विचारली जाते, तिचे निरसन होते, समाधान होते. शास्त्रचर्चेत तर शंका उपस्थित करणे हा प्रतिपक्षाचा हक्कच असतो. म्हणून नामच हवे असेल तर ‘आत्मशंका’ घ्यावा. ‘नकारात्मक विचार’ आता रुळला आहे, त्याच्याशी भांडण नाही. परंतु ‘कुशंका’, ‘नन्नाचा पाढा’ आणि ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण हाताशी असताना पुस्तिकेत तो प्रत्येक पानावर येण्याचे कारण नाही.

तथापि माझा खरा मुद्दा निराळा आहे. ही गोष्ट मराठी माणूस नामाने बोलतच नाही, क्रियापदाने बोलतो. ‘मला आत्मशंका आहे’ असे कोणी म्हणत नाही. ‘मला जमेल का?’ असेच सगळे म्हणतात. त्यातही ‘मी’ कर्ता म्हणून पुढे येत नाही. ‘मला येत नाही’, ‘मला जमत नाही’, ‘माझ्याने होत नाही’, ‘मला आता चालवत नाही’ (शालेय व्याकरणात ज्याला शक्य क्रियापद म्हणतात ते हे) या सर्व वाक्यांत काम आपल्या मार्गाने होते किंवा अडते, आणि माणूस ‘मला’ किंवा ‘माझ्याने’ होऊन बाजूला उभा असतो. या चारही रचना शब्दकोशात शेजारी बसतील, पण त्यांचे वजन सारखे नाही. ‘येत नाही’ यात शिकलेलो नाही एवढीच कबुली आहे. ‘माझ्याने होत नाही’ यात कुवतीवरच निकाल दिलेला आहे. ‘जमणे’ या दोहोंच्या मध्ये बसते, आणि त्याची सोबत पाहण्यासारखी आहे: गर्दी जमते, पैसे जमतात, गाण्याची मैफल जमते. या क्रियापदाने सांगितलेल्या बहुतेक गोष्टी हळूहळू गोळा होतात.

नकाराची रूपे त्याहून बोलकी आहेत. ‘जमणार नाही’ हा पुढचा दरवाजा लावून घेणे आहे. ‘जमत नाही’ हे नेहमीचे विधान आहे. आणि ‘जमेना’? ‘तो रोज येई, करी, जाई’ या रीतिभूतकाळाच्या रूपांना ‘ना’ जोडला की ‘येईना, करीना, जाईना’ होते, आणि अर्थ एकदम बदलतो. ‘कुलूप उघडत नाही’ असे घरात बसूनही म्हणता येते. ‘कुलूप उघडेना’ असे म्हणणाऱ्याच्या हातात किल्ली असते आणि ती कुलपात फिरत असते. ‘ना’च्या या रूपात प्रयत्न गृहीत धरलेला आहे.

याचा अनुभव मला वर्गात आला. दहावीला बाहेरून, म्हणजे 17 नंबरचा फॉर्म भरून बसणाऱ्या महिलांना मी संध्याकाळी मराठी शिकवते. त्यांतल्या एक सातारा जिल्ह्यातल्या, चार घरी पोळ्या करून येणाऱ्या. औपचारिक पत्र लिहायला घेतले की पहिल्या दोन आठवड्यांत त्या मायना लिहून थांबत, तो खोडत, खोडरबर इतके घासत की कागदाला भोक पडे, आणि वही मिटून म्हणत, ‘बाई, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं हे.’ मी सुरुवातीला धीर देणारे पुष्कळ बोलले; त्याचा उपयोग झाला असे मला वाटत नाही. आम्ही पत्राचे तुकडे केले आणि एका संध्याकाळी एकच तुकडा, एवढेच ठरवले. दिवाळीच्या सुटीनंतर त्या वही उघडी ठेवूनच माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, शेवटचा परिच्छेद तेवढा जमंना.’ तक्रार तशीच होती, स्वरही त्रासलेलाच होता; फक्त ती आता संपूर्ण बाईविषयी नव्हती, चार ओळींविषयी होती. मी शिक्षिका असल्यामुळे कदाचित, पण मला तो बदल गुणांहून महत्त्वाचा वाटला.

पुस्तिकेसाठी आणखी एक शब्द सुचवते, तो म्हणजे ‘उमेद’. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे नावच ‘उमेद’ असल्याने बचत गटांना तो परका नाही. फारसीतून आलेल्या या शब्दाचा हिंदीत ‘उम्मीद’ म्हणून आशा एवढाच अर्थ राहिला. मराठीत त्याला अंगमेहनत चिकटली: उमेदीची वर्षे, उमेद खचणे, आणि विशेषतः ‘उमेदवारी करणे’. निवडणुकीपुरता तो शब्द उरण्यापूर्वी उमेदवार म्हणजे पुढे जागा मिळेल या भरवशावर, बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर काम शिकत राहणारा माणूस. त्याला जमेल की नाही हे त्यालाही ठाऊक नसे, आणि तरी तो रोज कामावर हजर होई.

एक आक्षेप

‘जमत नाही’चे इतके कौतुक नको. ‘उद्या यायला जमणार नाही’ हा आपला सभ्य नकार आहे. ज्याला करायचेच नसते तोही हेच क्रियापद पुढे करतो. त्यापेक्षा ‘हिय्या करणे’ हा अस्सल वाक्प्रचार का घेऊ नये?

उत्तर

आक्षेप रास्त आहे. म्हणूनच मी ‘जमणार नाही’ आणि ‘जमेना’ वेगळे ठेवले. टाळाटाळ करणारा ‘उद्या यायला जमेना’ असे म्हणत नाही, म्हटले तर आपण लगेच ‘का, काय अडले?’ असे विचारतो. ‘हिय्या’ सुंदर शब्द आहे. त्याच्या मुळाशी ‘हृदय’ आहे, हेही खरे. पण हिय्या एकदाच करायचा असतो: उडी मारताना, बँकेत पहिल्यांदा एकटीने जाताना, भर सभेत उठून बोलताना. रोज संध्याकाळी वही उघडायला हिय्या पुरत नाही. ‘अवसान’ तर त्याहून तात्पुरते, म्हणून तर ते उसनेही आणता येते.

प्रश्नकर्त्यांनी कळवलेले ‘आत्मशंकेवर मात’ हे शीर्षक मी बदलावे म्हणेन. मात बुद्धिबळात होते. राजा कोंडला की डाव संपतो. शंका तशी संपत नाही, पुढच्या परिच्छेदापाशी ती पुन्हा येते. पुस्तिकेला ‘जमेना झाले तर’ एवढेच नाव द्यावे, आणि आत पहिल्या पानावर, काय जमेना ते लिहायला चार ओळी कोऱ्या ठेवाव्यात.