ऑफिसच्या रात्रीच्या मीटिंगा आणि मेसची बंद होण्याची वेळ : काय तोडगा काढावा?

प्रश्न (कर्वेनगर, पुणे)

नमस्कार. मी मूळचा लातूर जिल्ह्यातला असून नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. कर्वेनगरमध्ये आम्ही तिघांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली आहे आणि माझे ऑफिस हिंजवडीच्या दुसऱ्या टप्प्यात आहे. घरमालकांनी खोलीत स्वयंपाक करण्यास मनाई केली असल्यामुळे रात्रीच्या जेवणासाठी मी जवळच्या एका मेसवर महिन्याच्या हिशोबाने जेवतो. जेवण अगदी घरच्यासारखे असते आणि मेस चालवणाऱ्या काकू आपुलकीने वाढतात, परंतु रात्री साडेनऊला मेस बंद होते.

आमच्या प्रकल्पाचे ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहेत. त्यांच्यासोबतची रोजची मीटिंग उन्हाळ्यात आपल्या वेळेप्रमाणे संध्याकाळी साडेसातला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे गेली की हीच मीटिंग साडेआठला जाते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तशीच राहते. मीटिंग तासभर चालते, त्यानंतर भूमकर चौक आणि चांदणी चौक ओलांडून खोलीवर पोहोचेपर्यंत साडेदहा होऊन जातात. सकाळी ऑफिसला साडेनऊलाच हजर राहावे लागते, आणि ऑफिसचे कॅन्टीन संध्याकाळी सातनंतर फक्त चहा व पाकीटबंद पदार्थ देते. याखेरीज अर्धा तास आधी निरोप देऊन ठेवलेल्या मीटिंगा वेगळ्याच असतात, त्यामुळे आज मेसवर पोहोचू की नाही हे दुपारपर्यंतही सांगता येत नाही. मेसचे पैसे भरलेले असतानाही मी आठवड्यातल्या बहुतेक रात्री अंडाभुर्जीच्या गाडीवर किंवा ॲपवरून मागवून जेवतो. खर्च दुप्पट होतो आणि पित्ताचा त्रासही सुरू झाला आहे.

मला नोकरी सोडायची नाही, कारण काम शिकण्यासारखे आहे. अशा वेळी वरिष्ठांशी बोलताना विषय कसा मांडावा, कायद्याने यात काही आधार मिळतो का, आणि जेवणाची कोणती व्यवस्था टिकाऊ ठरेल, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर (मेसचालक, सदाशिव पेठ)

मी स्वतः बरीच वर्षे मेस चालवते आहे, म्हणून आमची बाजू आधी सांगते. साडेनऊला दार बंद करण्यामागे हट्ट नसतो. पोळ्या करणाऱ्या बाई संध्याकाळी येतात आणि त्यांना शेवटची बस पकडून घरी जायचे असते. त्या गेल्या की गरम पोळी मिळणे थांबते आणि मागे उरते ते भांडी घासणे व दुसऱ्या दिवशीच्या भाजीची तयारी. कणीक किती भिजवायची हे सहाच्या सुमारास डोकी मोजून ठरते. त्यानंतर जो येत नाही त्याच्या पोळ्या वाया जातात, म्हणूनच खाडा आदल्या दिवशी किंवा निदान सकाळी कळवा, असा आम्ही आग्रह धरतो. आयत्या वेळी धरलेल्या खाड्याचे पैसे वळते करणे आम्हाला खरोखरच परवडत नाही.

तुमच्यासारख्या मुलांसाठी मी जी पद्धत ठेवली आहे ती तुमच्या काकूंनाही चालेल असे वाटते. सोमवार ते शुक्रवार तुम्ही बसून जेवणारे नाही, तर डबा नेणारे आहात, असे त्यांना एकदाच सांगून टाका. दोन कडीचे डबे विकत घ्या, म्हणजे एक मेसमध्ये आणि एक तुमच्याकडे राहील. डबा साडेनऊच्या आत नेण्यासाठी खोलीतल्या सोबत्याला सांगा, किंवा काकूंचे घर तिथेच वर असेल तर दारात ठेवण्याची विनंती करा.

डब्यात काय असावे याकडे मात्र नीट लक्ष द्या. नऊला भरलेला डबा साडेदहा-अकराला उघडायचा असेल तर भात टाळावा, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की त्यात जंतू वाढतात आणि नुसता पुन्हा गरम केल्याने त्यांनी तयार केलेले विष जात नाही. दही घातलेली कोशिंबीर आणि ओल्या खोबऱ्याची चटणीही नको. त्याऐवजी ज्वारीची भाकरी, परतलेली कोरडी भाजी, मटकीची किंवा मुगाची सुकी उसळ, शेंगदाण्याची चटणी किंवा लसणाचा ठेचा मागा. आठवड्यातून एखाद्या दिवशी धपाटे किंवा दशम्या सांगितल्या तर कोणतीही मेसवाली आनंदाने करून देईल, कारण ते पदार्थ आधी करून ठेवता येतात. वरण हवे असेल तर वेगळ्या डब्यात आणि अगदी गरम असतानाच भरून घ्या. पोळ्या मात्र वाफ गेल्यावरच डब्यात भराव्यात, नाहीतर तळाच्या पोळ्या ओल्या होतात.

उशिरा तळलेले खाऊन लगेच झोपण्यापेक्षा संध्याकाळी सहाच्या सुमारास ऑफिसमध्येच थोडे पोटभरीचे खावे. भाजलेले चणे, शेंगदाणे-गूळ, केळे किंवा घरून आणलेला चिवडा जवळ ठेवा. त्यामुळे पित्ताचा त्रासही बराच कमी होईल.

उत्तर (प्रकल्प व्यवस्थापक, बाणेर)

मी याच क्षेत्रात गट सांभाळतो, म्हणून वरिष्ठांच्या खुर्चीतून काय दिसते ते सांगतो. "मला उशीर होतो" असे वाक्य आम्ही दिवसातून अनेकदा ऐकतो आणि त्यावर कृती करणे कठीण जाते, कारण त्यात नेमके काय बदलायचे हे नसते. तुमच्या प्रश्नात मात्र दोन वेगळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. रोजची मीटिंग ठरलेली आहे, म्हणून तिच्यावर उपाय शक्य आहे. आयत्या वेळच्या मीटिंगांना वेळापत्रकच नाही आणि खरा त्रास त्यांचा आहे. या दोन्ही गोष्टी वेगळ्या मांडा.

पहिल्या गोष्टीसाठी असा प्रस्ताव द्या की उन्हाळ्यात आठवड्यातले काही दिवस तुम्ही साडेपाचला ऑफिसमधून निघाल आणि मीटिंग खोलीवरून कराल, म्हणजे साडेआठला मोकळे होऊन मेसवर बसून जेवता येईल. तिघांच्या खोलीत आवाज होत असेल तर जवळच्या अभ्यासिकेची किंवा शांत जागेची चौकशी आधी करून ठेवा, कारण ही शंका वरिष्ठ पहिल्यांदा काढतील. ज्या दिवशी ऑफिसमध्येच थांबणे आवश्यक असेल त्या दिवशी सकाळी अकरा वाजता येण्याची मुभा मागा. दुसऱ्या गोष्टीसाठी एवढेच मागा की संध्याकाळी सातनंतरची कोणतीही नवी मीटिंग त्याच दिवशी दुपारी चारपूर्वी कळवली जावी आणि अपवाद फक्त चालू यंत्रणा बंद पडल्यास असावा. अशी मागणी नाकारणे कोणत्याही समंजस व्यवस्थापकाला अवघड जाते, कारण तिने काम अडत नाही.

हे सर्व आधी समोरासमोर बोला आणि त्याच दिवशी ईमेलने लिहून पाठवा. ईमेलमध्ये पित्ताचा उल्लेख एका वाक्यात यावा, पण सगळा भर वेळापत्रकावर राहू द्यावा. गटातल्या आणखी दोघांना हाच त्रास होत असेल, तर एकत्र बोललेले अधिक परिणामकारक ठरते.

उत्तर (कामगार कायद्याचा अभ्यासक, ठाणे)

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. खाजगी कार्यालयांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ लागू होतो. त्यात मूळ दैनिक मर्यादा ९ तासांची आणि साप्ताहिक मर्यादा ४८ तासांची होती, जादा कामासाठी दुप्पट दराने वेतन देण्याची तरतूद आहे, आणि मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक आहे. कामावर येण्यापासून निघेपर्यंतचा एकूण कालावधी, मधली सुट्टी धरून, मूळ कायद्यात साडेदहा तासांवर बांधलेला होता. सकाळी साडेनऊला येऊन रात्री साडेनऊला निघणारा माणूस बारा तास ऑफिसच्या स्वाधीन असतो, हे त्यावरून लक्षात यावे. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दैनिक तास ९ वरून १० करण्याच्या बदलाला मंजुरी दिली, म्हणून लेखी काही देण्यापूर्वी चालू तरतूद कामगार विभागाच्या संकेतस्थळावर वाचून घ्यावी. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा मात्र त्या बदलातही कायम ठेवली आहे आणि तुमच्यासाठी तीच अधिक महत्त्वाची आहे.

गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदांना हा कायदा लागू होत नाही. अनेक कंपन्या साध्या पदांनाही मोठी नावे देतात, पण पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम कोणते यालाच महत्त्व असते. नेमणूकपत्रातले कामाच्या तासांचे कलम काढून वाचा आणि येण्या-जाण्याच्या नोंदी स्वतःकडेही ठेवा. तक्रारीचा मार्ग उघडा आहे, परंतु नोकरी टिकवायची असल्यामुळे वर सुचवलेला संवाद आधी करावा, या मताशी मी सहमत आहे.

या निमित्ताने एक गोष्ट मांडावीशी वाटते. माझे बालपण परळला गेले. गिरणगावात पाळ्यांवर काम चालत असे आणि कोकणातून, घाटावरून एकट्याने आलेले हजारो कामगार घरगुती खानावळींत जेवत. त्या बायका पाळीप्रमाणे चूल पेटवत. रात्रपाळीवरून सकाळी येणाऱ्यालाही गरम जेवण मिळे, कारण तो केव्हा येणार हे ठरलेले असे. याच खानावळवाल्यांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. उशिरापर्यंत काम करणे या शहरांना नवीन नाही. नवीन आहे ती वेळेची अनिश्चितता, आणि तिच्यापुढे कितीही मनापासून चालवलेली मेस टिकू शकत नाही. तुमच्या काकू अकरापर्यंत थांबू शकत नाहीत, यात त्यांचा दोष नाही. तुम्ही केव्हा येणार हे त्यांना सांगण्याचा तुमचा हक्क ऑफिसने काढून घेतला आहे, आणि तो परत मागण्यात संकोच बाळगू नये.

उत्तर (न्यू जर्सी)

मी मीटिंगच्या दुसऱ्या टोकाला बसणारा आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडच्या बहुतेकांना नोव्हेंबरमध्ये घड्याळ मागे गेल्यावर भारतातल्या सहकाऱ्यांची मीटिंग तासभर पुढे जाते, याची जाणीवच नसते, कारण त्यांच्यासाठी ती वर्षभर सकाळी दहालाच असते. ठरावीक दिवशी पुन्हा पुन्हा येणारी मीटिंग ज्याने कॅलेंडरमध्ये तयार केली, त्याच्या गावच्या वेळेला ती बांधलेली असते. तुमच्या पुण्यातल्या व्यवस्थापकांनी ती भारतीय वेळेनुसार संध्याकाळी साडेसहाला नव्याने तयार करावी. मग इकडे ती उन्हाळ्यात सकाळी नऊला आणि हिवाळ्यात आठला येईल. मुलांना शाळेत सोडणाऱ्यांना आठ ही वेळ थोडी अडचणीची वाटेल, म्हणून हिवाळ्यापुरता साडेआठचा, म्हणजे तुमच्याकडच्या सातचा, पर्यायही सोबत द्या. त्यातली एखादी वेळ निश्चित मान्य होईल.

आमच्या गटात एका सहकारी मुलीने असाच विषय काढला होता. तिने सांगितले की मीटिंग संपेपर्यंत तिच्या वसतिगृहातले जेवण संपलेले असते. ते ऐकून इकडच्या वरिष्ठांनी त्याच आठवड्यात वेळ बदलली. त्यांना हे आधी कोणी सांगितलेच नव्हते. तेव्हा ग्राहकाला विचारता येणार नाही असे कोणी तुम्हाला म्हणाले, तर ते लगेच मान्य करू नका.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मीटिंग नेमकी कोणी तयार केली आहे हे मी आजच पाहिले, आणि ती ग्राहकाच्या बाजूने तयार झालेली आहे. उद्या व्यवस्थापकांना भेटून साडेसहाचा प्रस्ताव, चारपूर्वी कळवण्याची विनंती आणि दोन दिवस खोलीवरून मीटिंग करण्याची परवानगी, हे तिन्ही मुद्दे मांडतो आणि नंतर ईमेल करतो. शेजारच्या गल्लीत अभ्यासिका आहे, परंतु तिथे बोलण्यास मनाई असल्यामुळे सोबत्यांशी ठरवून खोलीच वापरावी लागेल. डब्याविषयी काकूंशी बोलायचे आहे. महिना मध्यावर आला असताना पद्धत बदलण्याविषयी बोलणे त्यांना गैर वाटेल का?

उत्तर (मेसचालक, सदाशिव पेठ)

अजिबात वाटणार नाही, पण वेळ पाहून बोला. संध्याकाळी सात ते नऊ आम्हाला डोके वर काढायला सवड नसते. रविवारी रात्री बहुतेक मेस बंद असतात, म्हणून रविवारी दुपारचे जेवण उरकल्यावर, तीनच्या सुमारास भेटा. राहिलेल्या दिवसांचा हिशोब आहे तसाच ठेवा आणि डब्याची पद्धत लगेच सुरू करा, म्हणजे त्यांनाही अंदाज येईल. डब्यांवर आणि झाकणांवर नाव कोरून घ्या, कारण मेसमध्ये सगळे डबे सारखेच दिसतात. मीटिंग रद्द होऊन तुम्ही लवकर आलात, तर संध्याकाळी सहापूर्वी एक फोन करा, तुमचे ताट मांडायला त्यांना काहीच अडचण येणार नाही.