अमेरिकन कॉमिक्सची १९४८ ची संहिता सांगायची राहिलीच की

नेहमी असं सांगतात की अमेरिकी सिनेटने कॉमिक्सची चौकशी केल्यानंतर १९५४ मध्ये अमेरिकन कॉमिक्सना पहिल्यांदा लगाम बसला. अर्धंच खरं आहे. काही प्रकाशकांनी १९४८ मध्येच सहा कलमांची संहिता काढली होती, मुखपृष्ठावर शिक्काही असायचा. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती नको, छळाची दृश्यं नकोत, घटस्फोटाची थट्टा नको (हे कलम मला भारीच वाटतं). पण बरेच प्रकाशक तिकडे फिरकलेच नाहीत, आलेलेही हळूहळू सटकले.

१९५४ मध्ये प्रकाशकांनी नवी संहिता (कॉमिक्स कोड) आणली, तिचा शिक्का मात्र चावला, कारण शिक्का नसलेले अंक बरेच वितरक घेईनात. शीर्षकात 'हॉरर', 'टेरर' बंद. 'क्राइम' शब्द एकटा नको, आणि बाकीच्या शब्दांपेक्षा ठळक मोठा तर नकोच!

ईसी कॉमिक्स या प्रकाशनाच्या एका विज्ञानकथेत शेवटच्या चौकटीत अंतराळवीर हेल्मेट काढतो आणि तो कृष्णवर्णीय निघतो. शिक्का देण्याआधी अंक तपासणाऱ्यांनी नेमकी यालाच हरकत घेतली. ईसीचे मालक विल्यम गेन्स हट्टाला पेटले, भांडले आणि कथा तशीच छापली. त्यानंतर ईसीने कॉमिक बुकंच बंद केली.

डोनाल्ड डकची कॉमिक्स छापणाऱ्या डेल या प्रकाशनाने हा शिक्का कधी घेतलाच नाही. त्यांचं काही अडलंही नाही म्हणा. डोनाल्ड डकला कोण परत पाठवणार?