बॉल पायथनने खाणं सोडलंय, थंडी सुरू झाल्यापासून उपास चालू आहे

काजळरेघ

नमस्कार मंडळी. माझ्याकडे दोन वर्षांचा नर बॉल पायथन (पाळीव छोटा अजगर) आहे, नाव बंड्या. पिल्लू असल्यापासून खाण्याची कधी तक्रार नव्हती. चिमट्यात धरून उंदीर पुढे केला की झडप, विळखा आणि गिळून मोकळा. थंडी सुरू झाली तसं त्याने तोंड फिरवलं ते फिरवलंच. तीन महिने होऊन गेले. उंदराकडे बघतो, जीभ लवलवतो आणि मान वळवून हाईडमध्ये (लपायच्या खोक्यात) परत. अगदीच नाकाजवळ नेला तर डोकं वेटोळ्यात खुपसून चेंडू होऊन बसतो.

फ्रोझन (मारून गोठवलेला) उंदीर सोडून जिवंत देऊन पाहिला, रॅट (मोठा उंदीर) सोडून माऊस (छोटा) दिला, मोकळं वाटावं म्हणून मोठी काचेची पेटी आणली. दर दोन-तीन दिवसांनी काहीतरी पुढे करतेच आहे. आता घरचे म्हणतात, तोंड उघडून भरव. हात धजत नाही. उन्हाळ्यात वजन ८८० ग्रॅम होतं. दिसायला तब्येत ठीक वाटते. काय करू?

वेटोळे

भरवायचं तर अजिबात नाही. घरच्यांना माझं नाव सांगा.

ताई, आधी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढा. त्यावर झाकणाचा डबा ठेवा, काटा शून्यावर आणा, बंड्याला डब्यात सोडा आणि आकडा इथे लिहा. किती महिने खाल्लं नाही यावरून मला काहीच कळत नाही, वजनावरून बरंच कळतं. धडधाकट नर थंडीचे चार-सहा महिने काही न खाता काढतो आणि शंभरातले पाच ग्रॅमही गमावत नाही, हे मी माझ्याच घरात बघत आलोय. हा जीव घाना, टोगो, बेनिनकडचा. उंदरांच्या बिळात नाहीतर वारुळात पडून राहायचं, रात्री बाहेर यायचं. वयात आलेल्या नराच्या डोक्यात विणीच्या हंगामात खाण्यापेक्षा मादी जास्त असते. पेटीत जन्मलेल्याचंही तेच. तुमचा बंड्या दोन वर्षांचा, वजन आठशेच्या पुढे, आणि ऋतू थंडीचा. या वयात पहिल्यांदाच असा रुसणारे नर ढिगाने आहेत. मादी तर अंड्यांभोवती वेटोळं घालून दोन महिने बसते, तेव्हाही सहसा काही खात नाही.

दुसरं, दर दोन-तीन दिवसांनी पुढे करणं आजपासून बंद. प्रत्येक नकारानंतर तुम्ही काहीतरी बदलताय: भक्ष्य, पेटी, वेळ. त्याला तिथे बूड टेकायला उसंतच मिळत नाहीये. दोन आठवडे पेटीला हात लावायचा नाही. पाणी बदला, घाण उचला, बस.

जिवंत उंदीरही नको. साप भुकेला नसला की उंदीर त्यालाच कुरतडतो. पाठीचं मांस खाऊन हाड उघडं पडलेला अजगर मी हातात धरलाय, ते चित्र अजून जात नाही.

उलटतपासणी

तापमान कोणीच विचारलं नाही? गरम बाजूची जमीन किती, थंड बाजू किती, दमटपणा किती, आणि हे कशाने मोजलं? काचेवर चिकटवायचा गोल डायल असेल तर तो आकडा धरूच नका. मॉर्फ, म्हणजे रंग-नक्षीचा प्रकार, कोणता? स्पायडर नावाचा असेल तर डोकं डुलतं आणि झडपेचा नेम चुकतो, मग न खाण्याचं कारण वेगळं असू शकतं.

काजळरेघ

मॉर्फ साधाच, नॉर्मल. वजन केलं: ८४६ ग्रॅम. डायलवर ३१ दाखवत होतं. भावाकडची तापमान मोजायची गन हाईडच्या आत धरली तर २७! थंड बाजू २३. दमटपणा चाळिशीत.

वेटोळे

८८० वरून ८४६, म्हणजे चार टक्केही नाही. सापाची काळजी मिटली, आता पेटीकडे वळू.

२७ वर त्याने खाल्लं असतं तरी पचायचे वांधे. बाहेरून ऊब मिळाल्याशिवाय त्याचं पोट चालत नाही, आणि न पचलेला उंदीर उलटून पडला तर ते उपासापेक्षा वाईट. गरम हाईडच्या आत ३१-३२, थंड बाजूला २५-२६. हीट मॅट (पेटीखालची गरम चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आपोआप राखणाऱ्या यंत्राशिवाय, लावायची नाही, पोट भाजतं. त्याचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅट आणि पेटीच्या मध्ये बसवा, हाईडमधला आकडा गनने ताडून बघा. दमटपणा साठ-पासष्टपर्यंत न्या, कात टाकायच्या वेळी अजून थोडा वर.

मोठी पेटी परत करू नका, ती भरा. काचेला तीन बाजूंनी काळा कागद, दोन्ही टोकांना एकसारखी हाईड, इतकी तंग की वेटोळ्याला चहूबाजूंनी भिंत लागेल. मधल्या मोकळ्या जागेत वाळकी पानं, झाडाच्या सालीचे तुकडे. मोकळं मैदान आपल्याला आवडतं, त्याला वाटतं आता वरून कोणीतरी उचलणार.

खवलेवैद्य

रोज असे साप तपासतो म्हणून दोन गोष्टी. श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी बुडबुडे, मान वर करून तोंड उघडं ठेवणं, हिरड्यांवर पिवळट थर, हनुवटीखालच्या खवल्यांत हलणारे काळे ठिपके, यातलं एक जरी दिसलं तर थंडीवर ढकलू नका, दाखवायला न्या. वजन दहा टक्क्यांनी उतरलं किंवा पाठीचा कणा वर दिसू लागला तरीही न्या, जमलं तर ताजी विष्ठा सोबत. हे सगळं मोठ्या सापाबद्दल. अंड्यातून आलेलं साठ-सत्तर ग्रॅमचं पिल्लू खात नसेल तर त्याच्याजवळ साठा नसतो, तिथे इतकं थांबता येत नाही.

काजळरेघ

थर्मोस्टॅट लावला, आता हाईडमध्ये ३२. दोन आठवडे हात लावणार नाही, शब्द. त्यानंतर पूर्वीच्याच मापाचा रॅट देऊ का?

वेटोळे

नाही, लहान द्या. इतके दिवस रिकामं असलेलं आतडं आक्रसलेलं असतं, एकदम मोठा घास टाकू नये. अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा बराच बारीक, चाळीसेक ग्रॅमचा पुरे. डोळे दुधाळ झाले असतील तर कात पडेपर्यंत थांबा.

रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्या, मग पिशवीत घालून गरम पाण्यात, आणि शेवटी डोकं जरा जास्त गरम. ओठांवरच्या खाचांनी त्याला ऊब कळते, कोमट उंदीर त्याच्या लेखी दगड. दिवे मालवून, हाईडच्या तोंडाशी, खालून, हळू. नाचवू नका. घेतला नाही तर तिथेच ठेवून खोलीबाहेर जा, सकाळी उचला. पुढचा प्रयत्न पंधरा दिवसांनी. आणि खाल्लाच तर दोन दिवस कौतुक लांबूनच करा.