जर्मनीत एम.एस्सी.साठी श्टुटगार्ट, म्युनिक की आखेन? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. माझी मुलगी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. चाकणच्या एका कारखान्यात तिने दुचाकीच्या चासीला वेल्डपाशी जाणाऱ्या तड्यांवर प्रकल्प केला. संगणकाने धोक्याची म्हणून लाल दाखवलेली जागा आणि प्रत्यक्ष तडा गेलेली जागा यांत बोटभर अंतर का पडले, हा प्रश्न तिला अजून सोडत नाही आणि त्यातूनच पुढे काय शिकायचे हे ठरले आहे. श्टुटगार्ट विद्यापीठाचा ‘कोमास’ (पदार्थ आणि रचनांचे संगणकीय यांत्रिकी), म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाचा कॉम्प्युटेशनल मेकॅनिक्स आणि आखेनच्या आरडब्ल्यूटीएच या तांत्रिक विद्यापीठाचा सिम्युलेशन सायन्सेस हे अभ्यासक्रम आम्ही निवडले आहेत.

अध्यापनाच्या दर्जात डावेउजवे करणे कठीण आहे. जर्मनीची तिन्ही राष्ट्रीय महासंगणक केंद्रे श्टुटगार्ट, म्युनिकजवळचे गार्खिंग आणि आखेनजवळचे यूलिश इथेच आहेत, त्यामुळे या विषयाला लागणारे वातावरण तिन्हीकडे मिळेल असे दिसते. कोमासचा भर पदार्थ आणि रचनांवर असल्याने तिचा ओढा तिकडे आहे, आणि मलाही ते पटते.

खरी अडचण खर्चाची आहे. श्टुटगार्ट ज्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सत्राला 1500 युरो शुल्क आहे, म्हणजे युरो शंभर रुपये धरला तर चार सत्रांचे सहा लाख होतात. म्युनिकच्या या विद्यापीठाने 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले असून एम.एस्सी.ला ते सत्राला चार ते सहा हजार युरो, म्हणजे एकूण सोळा ते चोवीस लाख पडते. आखेनमध्ये सर्वसाधारण अभ्यासक्रमांना शिक्षणशुल्क नाही. मात्र तिथल्या इंटरनॅशनल अकॅडमीमार्फत चालणाऱ्या काही अभ्यासक्रमांना वेगळे शुल्क असते, तेव्हा तिकडे अर्ज करणाऱ्या इतरांनीही हे आधी तपासून घ्यावे. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात ते निराळेच, आणि म्युनिकच्या घरभाड्यापुढे ती रक्कम कितपत पुरेल याची मला धास्ती वाटते. आम्हाला शैक्षणिक कर्ज काढावे लागणार आहे. म्युनिकमध्ये शुल्कमाफीची सोय आहे, परंतु ती कोणाला प्रत्यक्ष मिळाली आहे का, आणि पहिल्याच सत्रात मिळाली का, हे समजले तर हिशेब मांडता येईल.

राहिला प्रश्न तिथल्या जगण्याचा. तिने जर्मन बी1 पर्यंत, म्हणजे मध्यम पातळीपर्यंत, पूर्ण केले आहे. अभ्यासक्रम इंग्रजीत आणि वर्गात बरेचसे भारतीय विद्यार्थी, अशा स्थितीत ती भाषा जिवंत राहते का, की दोन वर्षे आपल्याच मंडळींत निघून जातात? सणावाराला मराठी माणसे भेटावीत ही माझी इच्छा आहेच, पण तिने जर्मन सहाध्यायांबरोबर राहावे, मेन्झात (विद्यापीठाच्या खानावळीत) त्यांच्या टेबलावर जेवावे आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत अडखळू नये, हे मला अधिक मोलाचे वाटते. या दृष्टीने आखेनसारखे लहान शहर बरे, की बॉश, मर्सिडीज आणि पोर्शे यांच्या सान्निध्यामुळे विद्यार्थी-नोकरी मिळण्याची आशा असलेले श्टुटगार्ट?

कोमास केलेल्या कोणी विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळायला किती काळ थांबावे लागले आणि तोवर कुठे राहिलात, तेही कृपया लिहावे.