शब्दचर्चा : 'रीच' म्हणजे जण की खेपा?

प्रश्न मांडणारी (वर्धा, बचत गट आणि शेतकरी कंपन्यांच्या जाहिरातीचं काम)

ऑनलाइन जाहिरातीचं कोटेशन आता समुद्रपूर तालुक्यातल्या बचत गटाच्या हातातही येतं. वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, माल चोख आहे. तो नागपूर-पुण्याच्या घरांत थेट विकायचा तर मोबाइलवरची जाहिरात लागतेच. पण कोटेशनमधले शब्द पाहा : रीच, इम्प्रेशन, एंगेजमेंट, ऑर्गॅनिक, लीड. देवनागरीत छापले आहेत, एवढंच त्यांचं मराठीपण. अध्यक्षताई सही करतात आणि पैसे नेमके कशाचे दिले हे मासिक बैठकीत सांगताना अडतात. कापूस विकताना काटा कोणाचा, क्विंटलमागे किती कापलं, हे खडसावून विचारणारी ही माणसं. जाहिरातीचा हिशोबही त्यांना तसाच विचारता यायला हवा.

मला परिभाषा कोशातले शब्द नकोत, बैठकीत तोंडी चालतील असे हवेत. सुरुवात 'रीच' आणि 'इम्प्रेशन'पासून करू. रीचला 'पोहोच' चालेल का?

कृषी केंद्रचालक, हिंगणघाट

ताई, 'पोहोच' बोलताना 'पोच' होते, आणि पोच म्हणजे आमच्याकडे माल मिळाल्याची पावती. ट्रान्सपोर्टवाला रोज 'पोच द्या' म्हणतो. 'दहा हजार पोच झाली' असं मी म्हटलं तर समोरच्याला वाटेल, दहा हजार पिशव्या गेल्या.

निवृत्त मराठी शिक्षक, अकोला

'त्याची वरपर्यंत पोच आहे' असंही आपण म्हणतो. म्हणजे हा शब्द वजन दाखवतो, मोजणी दाखवत नाही, आणि इथे तर मोजणीच हवी आहे. रीच म्हणजे जाहिरात किती वेगवेगळ्या खात्यांना दिसली, इम्प्रेशन म्हणजे ती एकूण किती वेळा दिसली. एकाच माणसाला पाच वेळा दिसली तर रीच एक, इम्प्रेशन पाच. हा फरक ज्या शब्दांतून ऐकू येईल तेच घ्यावेत.

मोबाइल दुकान आणि जाहिरातीचं काम, दर्यापूर

सर, आमी तं गिऱ्हाइकाले असंच सांगतो : किती जणायले दिसली अन् किती खेपा दिसली. त्याले लगेच समजते. रीच, इम्प्रेशन म्हणलं का तो नुसती मान हालवते अन् घरी जाऊन इचारते, त्या पोरानं पैसे कायचे घेतले म्हून.

प्रश्न मांडणारी

भाऊ, यापेक्षा चांगली जोडी मिळेल असं मला वाटत नाही. जण आणि खेपा! यातून पुढचा शब्दही सुटतो. कोटेशनमध्ये 'सीपीएम' असतं, म्हणजे हजार इम्प्रेशनमागचा दर. विटांचा भाव हजारी असतो हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा त्याला 'हजारी दर' म्हणा. समजा हजारी दर शंभर रुपये आहे आणि खेपा पन्नास हजार झाल्या, तर बिल पाच हजारांचं. आता जण किती ते विचारा. दहा हजार म्हणाले तर प्रत्येकाला सरासरी पाच खेपा दिसली, हळदीसाठी ठीक आहे. दोन हजारच म्हणाले तर प्रत्येकाला पंचवीस खेपा दिसली, आणि पैसे त्याच त्या लोकांना दाखवण्यात गेले. खेपांना जणांनी भागायचं. हे गणित गटातली कुठलीही बाई करू शकते, शब्द समजले की.

निवृत्त शिक्षक, अकोला

एक पुरवणी. 'जण' म्हणताना तो आकडा खात्यांवरून काढलेला अंदाज आहे हे लक्षात राहू द्या. फेसबुकच्या जाहिरात विभागातही रीचला अंदाजित आकडाच म्हणतात. एका घरातला एक फोन सासू, सून आणि नातू तिघे पाहत असतील तर जण एकच मोजला जातो. एका माणसाची दोन खाती असली तर उलटंही होतं. म्हणून 'अंदाजे जण' असं लिहावं.

प्रश्न मांडणारी

तसंच लिहू. याला लागूनच 'व्ह्यू' घेते. 'आपला व्हिडिओ दोन लाख लोकांनी पाहिला' हे वाक्य सर्रास ऐकू येतं आणि ते चूक आहे. व्ह्यू ही खेपांची मोजणी आहे, लोकांची नव्हे. शिवाय 'पाहिला' कशाला म्हणायचं हेही बदलत असतं. यूट्यूबच्या शॉर्ट्समध्ये ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा चालला की व्ह्यू धरला जातो, अमुक सेकंद पाहिलाच पाहिजे अशी अट नाही. आधीच्या पद्धतीची मोजणी 'एंगेज्ड व्ह्यू' या नावाने वेगळी ठेवली आहे. म्हणजे अंगठ्याने वर सरकवताना क्षणभर चालू झालेला व्हिडिओसुद्धा मोजला जातो. 'दोन लाख खेपा चालला' म्हणा. 'पाहिला' हे क्रियापद एंगेज्ड व्ह्यूसाठी राखून ठेवा. फेब्रुवारी २०२५ चे व्ह्यू आणि त्याच वर्षीच्या मेचे व्ह्यू शेजारी ठेवून कोणी 'वाढ' दाखवत असेल तर आधी हा बदल त्याच्यापुढे ठेवा.

संत्रा उत्पादक, वरुड

माह्या मनातला शब्द 'ऑर्गॅनिक' हाय. आमच्या शेतकरी कंपनीच्या अहवालात एजन्सीनं लिहिलं, 'ऑर्गॅनिक रीच उत्तम'. एका संचालकानं ते वाचलं अन् दिल्लीच्या व्यापाऱ्याले फोनवर सांगतलं का आपला संत्रा ऑर्गॅनिक हाय. त्यानं सर्टिफिकेट मागतलं. आमचा माल सेंद्रिय नाई, आंबिया बहाराले आमी फवारतो, ते लपवत बी नाई. पण व्यापाऱ्याच्या नजरेत आमी खोटे पडलो ना! शेतीवाल्याच्या कागदावर हा शब्द कोणी कसा काय लिहिते?

प्रश्न मांडणारी

दादा, तुमचा राग अगदी योग्य आहे. आपल्या भागात ऑर्गॅनिक म्हणजे सेंद्रिय, आणि त्या शब्दाला कायद्याचं बंधन आहे. २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे सेंद्रिय म्हणून दुकानात विकायच्या मालाला एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारमान्य पद्धतींपैकी एकीचं प्रमाणपत्र लागतं. जाहिरातवाल्यांचं ऑर्गॅनिक मात्र एवढंच सांगतं की पैसे न भरता पोस्ट किती जणांना दिसली. शहरातल्या कपड्याच्या दुकानाला हा गोंधळ होणार नाही, संत्र्याला, हळदीला, तुरीला हमखास होईल. म्हणून शेतमालाच्या अहवालातून तरी हा शब्द पूर्ण काढून टाकावा असं माझं ठाम मत आहे. त्याच्या जागी काय?

निवृत्त शिक्षक, अकोला

'आपसूक'. 'आपसूक इतक्या जणांना दिसली, पैसे भरून इतक्या जणांना.' 'फुकट' म्हणू नये, कारण व्हिडिओ करायला एका मुलीची अख्खी दुपार गेलेली असते आणि त्या दुपारची किंमत असते.

ग्रामसंघ सचिव, यवतमाळ जिल्हा

आमच्या बैठकीत 'एंगेजमेंट वाढवायची आहे' असं सरांनी सांगितलं तेव्हा दोघींनी विचारलं, कोणाच्या साक्षगंधाची गोष्ट आहे? खरंच विचारलं, त्यांना तोच अर्थ माहीत. सरकारी कागदांत 'सहभाग' दिसतो, पण लाइक करणाऱ्याने आमच्यात भाग कुठे घेतला? 'प्रतिसाद' बरा वाटतो.

प्रश्न मांडणारी

ताई, 'प्रतिसाद' मलाही पटतो, पण एक जपून. मराठीत 'प्रतिसाद मिळाला' म्हटलं की चांगलाच मिळाला असं ऐकू येतं. मोबाइलवर मात्र रागाने लिहिलेली कमेंटसुद्धा एंगेजमेंटमध्ये धरतात. पापड मोडके आले म्हणून चाळीस जणी भांडल्या तरी आकडा वाढतो. तेव्हा प्रतिसाद फोडून लिहायचा : आवडलं किती, पुढे पाठवलं किती, जपून ठेवलं किती, काय काय लिहून आलं. छोट्या गटाला सगळ्यात उपयोगाचं शेवटचंच. वीस कमेंट असतील तर वीसही बैठकीत वाचून दाखवा.

ट्रॅक्टर शोरूम, वाशिम

आमच्याकडे 'लीड' रोजचा शब्द. फॉर्ममध्ये नंबर भरला की लीड. पण जुने सेल्समन 'पार्टी' म्हणतात : पार्टी आली, पार्टी पक्की आहे, पार्टी टाइमपास आहे. 'चौकशी' म्हणून पाहिलं, तर माणसं दचकतात, पोलीस-तलाठ्याची आठवण येते. आम्ही 'विचारणा' ठरवलं. शंभर विचारणा, त्यात पार्टी किती, सौदे किती. कंपनीचे साहेब याला फनेल म्हणतात, आणि प्रशिक्षणाच्या मराठी पुस्तिकेत 'नरसाळं' छापलंय.

निवृत्त शिक्षक, अकोला

नरसाळ्यात ओतलेलं सगळंच्या सगळं खाली उतरतं. तुमच्या धंद्यात तसं होत नाही, प्रत्येक टप्प्यावर माणसं गळतात. बाजार समितीत सोयाबीन लागोपाठ दोन-तीन चाळण्यांतून जावं तसं ते आहे. 'पहिली चाळणी, दुसरी चाळणी' म्हटलं की कुठल्या चाळणीवर जास्त माणसं अडतात हा प्रश्न आपोआप सुचतो.

शेतीचे व्हिडिओ करणारा, पुसद

'इन्फ्लुएन्सर'ला 'प्रभावक' म्हणतात म्हणे. मला गावात कोणी प्रभावक म्हणत नाही, 'यूट्यूबवाला' म्हणतात आणि मला ते चालतं. माझा प्रश्न वेगळा आहे. पिकाचं टॉनिक विकणाऱ्या कंपनीने पैसे दिले की व्हिडिओवर 'कोलॅब' लिहायला सांगतात. मी वऱ्हाडीत बोलतो, पाहणारेही इथलेच. 'कोलॅब'चा अर्थ किती जणांना कळत असेल? 'सहयोग' लिहू का?

प्रश्न मांडणारी

भाऊ, तुम्ही स्वतःहून विचारलंत याचं मला फार बरं वाटलं. 'सहयोग' लिहू नका. त्यात पैसे कुठेच दिसत नाहीत, श्रमदानालाही आपण सहयोग म्हणतो. सरळ 'जाहिरात' लिहा. जाहिरात मानक परिषदेच्या म्हणजे एएससीआयच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना आणि ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचना, दोन्हींचा रोख एकच आहे : पैसे, माल किंवा दुसरा फायदा घेतला असेल तर ते ठळकपणे आणि पाहणाऱ्याला समजेल अशा भाषेत सांगा. बोलणं वऱ्हाडीत आणि खुलासा इंग्रजी हॅशटॅगांच्या गर्दीत, हे त्यात बसत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ती करणाऱ्या व्यक्तीलाही दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत.

दंडाच्या भीतीपेक्षा मोठं कारण तुमच्याच जिल्ह्यात आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणीचं औषध दाखवणारा माणूस शेजारी म्हणून सांगतोय की पैसे घेऊन सांगतोय, हे पाहणाऱ्याला पहिल्या वाक्यात कळलं पाहिजे. 'आपण वापरून पाह्यलं, लय भारी हाय' आणि 'कंपनीनं पैसे देले हाये, हे जाहिरात हाय' या दोन वाक्यांवर शेतकरी वेगवेगळा विश्वास ठेवतो, आणि तो ठरवण्याचा हक्क त्याचा आहे.

शेतीचे व्हिडिओ करणारा, पुसद

पटलं. सुरुवातीलाच तोंडाने 'हे जाहिरात हाय' म्हणतो आणि पडद्यावरही लिहितो. बरेच लोक खिशात फोन ठेवून नुसतं ऐकतात.

मोबाइल दुकान, दर्यापूर

'व्हायरल'ले शब्द शोधाची गरज नाई. व्हिडिओ 'फिरला' म्हणतेत सारे. 'ट्रेंड'चं सांगतो : आठ दिवसांची ते 'हवा', सीझनभर टिकली ते 'चलती'. टिकटॉक २०२० च्या जूनमधी बंद झालं अन् पोट्टे रीलवर गेले, पण आडव्याचा उभा व्हिडिओ झाला तो झालाच. तो 'कल'. हवेवर खर्च करू नका, कल पाहून कॅमेरा घ्या.

नाटकांची जाहिरात करणारा, वडसा

झाडीपट्टीकडून, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्याकडून, एक शब्द देतो, 'पंचक्रोशी'. नाटकाचा भोंगा आम्ही आजूबाजूच्या गावांतच फिरवतो, रात्रीचं नाटक पाहून माणूस पहाटे घरी गेला पाहिजे. फेसबुकवर जाहिरात लावताना गाव निवडून भोवतीचं अंतर ठरवता येतं, त्याला रेडियस टार्गेटिंग म्हणतात. पाच कोस म्हणजे साधारण सोळा किलोमीटर. 'तुमची पंचक्रोशी कोणती?' असं विचारलं की आयोजक नकाशाशिवाय गावं सांगतो.

प्रश्न मांडणारी

हा शब्द मी उद्यापासून वापरणार! तुम्ही आलाच आहात तर 'कीवर्ड'चंही विचारते. प्रतिशब्द 'शोधशब्द' ठीक आहे, पण ते शब्द कोणाच्या तोंडचे घ्यायचे? बियाणं-औषधांच्या वेबपानांवर सगळीकडे 'कपाशी' असतं. आमच्याकडे बाई फोनला तोंड लावून विचारते, 'पऱ्हाटीवर लाल्या आला, काय फवारू?' पानावर पऱ्हाटी हा शब्दच नसेल तर ते तिच्यापर्यंत जाणार कसं?

कृषी केंद्रचालक, हिंगणघाट

सोयाबीनला 'चक्रीभुंगा' विचारतात, खोडमाशी विचारतात. मोझॅकला 'पिवळा पडला' एवढंच म्हणतात. दुकानात रोज जे विचारतात ते मी वहीत लिहायला लागतो, पुढच्या पोस्ट त्यावरूनच करू.

नाटकांची जाहिरात करणारा, वडसा

आणि आमच्याकडे या तर 'भाताचं बियाणं' लिहू नका. भात ताटात असतो, बांधीत धान असतं. गेल्या खरिपात एका कंपनीची पोस्ट 'भातावरील तुडतुडे' या नावानं आली, पुण्याची वाटली. शीर्षकात 'धानावरचा तुडतुडा' लिहा, बाहेरचेही शोधतील म्हणून खाली एकदा 'भात' येऊ द्या. आणि 'वावर' लिहाल तर वर्धा-अमरावतीला चालेल, धानपट्ट्यात 'बांधी'च लिहा.